टॉवेलाखालचा रामराम

तात्यांनी कपाटातून कोरा टॉवेल काढला, तेव्हाच मैनाबाईंनी ओळखलं की आज आपल्या मुलाचं काही खरं नाही.

"हा कशाला, दादा?" त्यांनी विचारलं. "पावणा अंघोळ करूनच येईल की."

"सौद्याला लागतो," तात्या म्हणाले आणि टॉवेल झटकून सोफ्याच्या हातावर टाकला. "आन मटण जरा सढळ हातानं कर. पोरगं बंगळूरवरनं येतंय."

थोरल्या दिरापुढे जास्त बोलायची पद्धत निवंगुण्यांच्या घरात नव्हती. म्हणून मैनाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि जे बोलायचं होतं ते कांद्याला बोलल्या. त्या घरात कांद्याला कधी तोटा नव्हता.

जयसिंग दगडू निवंगुणे, घरात तात्या आणि बाजारात शेठ, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे अडते होते. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल त्याच्या वतीने विकून देणारा माणूस. पण तात्यांनी ही हद्द केव्हाच ओलांडली होती. घरातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक फ्लॅट आणि प्रत्येक जुनी मोटारसायकल त्यांच्याच हातून गेली होती. त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी होत्या, माल आणि गिऱ्हाईक, आणि दोघांनाही स्वतःचं हित कळत नाही. त्यामुळे पुतण्याचा खेळ घ्यायला कंपनीचा माणूस येतोय हे समजल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं, "घरात अडत्या असताना पोराचा माल परस्पर जाईल? लोक काय म्हनतील?"

लोक काहीच म्हणाले नसते. लोकांना तो माल काय आहे हेच मुळात माहीत नव्हतं.

मैनाबाईंचा पृथ्वीराज इंजिनियर होता आणि खराडीतली चांगली नोकरी सोडून खेळ लिहीत होता. हो, लिहीत होता. हा खेळ मैदानात नसतो आणि मोबाइलवरही नसतो. चार-पाच धडधाकट माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि पुढे काय घडणार ते पुस्तकातल्या नियमांवर ठरतं. ते पुस्तक लिहिणारा तो डिझायनर. सुरुवातीची काही वर्षं पृथ्वीराजने परदेशी कंपन्यांना ड्रॅगनच्या गुहा लिहून दिल्या. गुहा याच्या, छापलेलं नाव दुसऱ्याचं. मग नारायण पेठेतल्या एका छापखान्यातून त्याने स्वतःचा खेळ काढला, 'वेताळपेठ'. अमावस्येला भुतांचा बाजार भरतो. माणसं तिथे जातात आणि आपलं हरवलेलं काहीतरी वेताळाकडून, मुंज्याकडून, साती आसरांकडून सौदा करून परत आणतात. गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ होतं, हे त्याने प्रस्तावनेत लिहिलं. त्यावर पुण्यातून एकच प्रतिक्रिया आली, तीही शुद्धलेखनाची.

नातेवाइकांत या करिअरची वर्णनं माणसागणिक बदलत. मैनाबाई 'कॉम्प्युटरचं' म्हणत. भाऊबंद 'भुतांचं काहीतरी' म्हणत. तात्या नुसतंच 'घरी असतो' म्हणत आणि पुढे खोकत. खेळाला परदेशात एका पुरस्कारासाठी नामांकन मिळालं तेव्हा घरात असा संवाद झाला होता:

"बक्षीस मिळालं?"

"नॉमिनेशन, तात्या. जगभरातून पाचच खेळ निवडतात."

"म्हंजे नाय मिळालं."

पुस्तकाची पहिली प्रत पृथ्वीराजने तात्यांच्याच हातात दिली होती. तात्यांनी ती उघडली नाही. हातावर तोलून पाहिली आणि म्हणाले, "किलोला जरा कमी भरतंय."

आणि गेल्या गणपतीत, नैवेद्याच्या पानावरून सुरू होऊन आयुष्याच्या वाटोळ्यापर्यंत गेलेल्या त्या भांडणात, पृथ्वीराज शब्द देऊन बसला होता. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत कुणी खेळ घेतला नाही, तर पाडव्याच्या पूजेपासून मी गाळ्यावर बसेन. निवंगुण्यांच्या घरात दिलेला शब्द परत घेता येत नसे. पाडवा आता तोंडावर आला होता, आणि खेळ घ्यायला आलेला हा पहिला आणि एकुलता एक माणूस होता.

*

"दादा मोडनार हे," तात्यांचे धाकटे भाऊ उत्तरेश्वर बायकोला, मैनाबाईंना, हळूच म्हणाले. ते मसाला वाटायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आले होते आणि मिक्सरचं झाकण हातात घेऊन उभे होते.

"कशावरनं?"

"मटण करायला सांगितलं ना? ज्याचा सौदा मोडायचा त्याला दादा आधी पोटभर खाऊ घालतो. भरल्या पोटी मानूस भांडत नाय. मागं त्या नगरच्या पार्टीला श्रीखंड-पुरी घातली होती."

"मग?"

"मग काय, तृप्त होऊन परत गेली पार्टी."

मैनाबाईंनी पळी खाली ठेवली. "आन तुम्ही हे मला सांगताय. तुमच्या भावाला सांगा."

उत्तरेश्वरांनी मिक्सरच्या झाकणाकडे पाहिलं. थोरल्या भावाला त्यांनी आजवर दोनच वाक्यं ऐकवली होती, 'बरं दादा' आणि 'तुम्ही म्हणाल तसं'. सगळा जन्म त्यांनी गाळ्याच्या मागच्या बाजूला काढला होता. गोण्या मोजायच्या, हमालांना चहा सांगायचा, टेम्पो लावून घ्यायचा. पुढे गादीवर दादा. तिथे बसायची इच्छा त्यांना कधी झालीच नाही, असं ते सगळ्यांना सांगत. स्वतःलाही तेच सांगत, पण तिथे फारसा प्रभाव पडत नसे.

"तोंडावर थोडीच मोडंल तो," ते म्हणाले. "टॉवेलाखाली मोडंल. काय मागितलं ते कुनाला दिसनार नाय. वर येऊन म्हनंल, लई प्रयत्न केला, पन गिऱ्हाईक हलकं निघालं."

"म्हंजे माझ्या पोराचा गळा कापायचा, आन वर कापडानं झाकायचा."

"तसं नाय गं. त्याला वाटतं पोरगं सुधरंल."

"तुम्ही सुधारलात की तिथं बसून," मैनाबाई म्हणाल्या. यानंतर त्यांनी मिक्सर असा लावला की पुढचं संभाषण शक्यच राहिलं नाही.

*

वर गच्चीत अपेक्षा आपल्या चुलतभावाला करार समजावत होती. ती तात्यांची एकुलती एक मुलगी. हिंजवडीच्या नोकरीला जाऊन-येऊन तिचं निम्मं तारुण्य चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये गेलं होतं.

"त्यांना राइट्स कायमचे हवेत. म्हणजे तू मेलास तरी वेताळ त्यांचा," ती म्हणाली. "पण मी नीट वाचलंय. येतोय ना त्यांचा माणूस, त्या पियुषशी फोनवर बोलले पण. ते दहा वर्षांपर्यंत खाली येतील. त्यानंतर खेळ परत तुझा. दहा मिळाले की डोळे झाकून साइन कर."

"मी कुठे करतोय? तात्या करणारेत."

"तू हो का म्हणालास पण?"

"दिवाळी आहे, अपेक्षा. नाही म्हटलं असतं तर आईला ऐकून घ्यावं लागलं असतं. आणि सिरीयसली, मला वाटलं, त्यांना निदान एकदा तरी माझ्या कामात हात घालावासा वाटला."

"हातच घालणारेत ते. टॉवेलाखाली." अपेक्षाने करार मिटला. "पप्पांना माहितीये, तुझ्या खेळात फासेच नाहीत ते?"

"पुस्तक उघडलं कुठेय त्यांनी?"

"मग नकोच सांगू."

तो तिच्याकडे पाहत राहिला. "तू एवढी माझ्या बाजूने का आहेस? लहानपणी माझी सायकल विकलीस तू."

"चांगल्या भावाला विकली," अपेक्षा म्हणाली. मग कठड्यावरून खाली, रस्त्यापलीकडे, बिबवेवाडीच्या गर्दीतून मार्केट यार्डाकडे वळणाऱ्या ट्रककडे तिने पाहिलं. "तू गादीवर बसलास की ती भरली. तू नाही बसलास तर रिकामी. कळलं?"

पृथ्वीराजला कळलं. शाळेच्या सुट्टीत आजोबांबरोबर, आबांबरोबर, रोज गाळ्यावर जायला हट्ट करणारी हीच होती. तो स्वतः गोण्यांच्या आडोशाला भुतांच्या गोष्टी लिहीत बसायचा. गादीवर बसशील का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याला कुणी दुसरं काही विचारलं नव्हतं.

*

पियुष वऱ्हाडातला निघाला. बंगळूरला राहून त्याची मराठी बिघडली नव्हती, होती तशीच होती. दारातच तो 'नमस्कार काकाजी' म्हणत वाकून तात्यांच्या पाया पडला, त्यामुळे तात्यांची पहिली चाल वाया गेली. ती चाल म्हणजे पाहुण्याला इंग्रजी बोलू द्यायचं आणि न समजल्यासारखं करायचं.

जेवणावर मात्र सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तात्या वाढायला सांगत होते, मैनाबाई वाढत होत्या, पियुष खात होता.

"अजून घ्या की."

"नाही काकाजी, लय झालं."

"तुमच्या कंपनीत जेवायला देतात का नुसतीच भुतं?"

"कँटीन आहे ना काकाजी."

"आन हा धंदा चालतो? म्हंजे कमावती मानसं खरंच बसून 'मी वेताळ, मी मुंजा' करतात?"

"डॉक्टर लोकं खेळतात, वकील खेळतात. आमच्याकडं एक जजसाहेब होते, ते दर रविवारी आसरा व्हायचे."

तात्या क्षणभर थांबले. जजसाहेबांचं ऐकून त्यांच्या मनात न्यायव्यवस्थेविषयी बरंच काही येऊन गेलं, पण पाहुण्यापुढे ते गिळलं. "आणि ह्या आमच्या शहाण्यानं लिहिलेलं तुम्हांला पसंत हाय?"

"माहा सगळ्यांत आवडता खेळ आहे तो," पियुष भाकरी मोडत म्हणाला. "म्हणून तर मीच येतो म्हटलं."

घरात पृथ्वीराजच्या कामाबद्दल असं वाक्य प्रथमच उच्चारलं गेलं होतं. मैनाबाईंनी पियुषच्या ताटात न विचारता आणखी एक फोड घातली. ही मात्र तात्यांच्या हिशेबातली नव्हती.

हात धुऊन झाले. तात्या सोफ्यावर बसले, समोर खुर्ची ओढून पियुष. उत्तरेश्वर टीव्हीशेजारी उभे राहिले, कारण सौद्याच्या वेळी ते कधी बसतच नसत. मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या, पळी हातातच राहून गेली होती. पृथ्वीराज जिन्याच्या पायरीवर बसला आणि अपेक्षा त्याच्या मागे.

"आता असं हाय," तात्या म्हणाले, "टॉवेलाखाली बोटांनी सौदा करायची ही आमच्या वडलांची पद्धत. कायद्यानं बंद झाली, त्याला जमाना झाला. आता बाजारात उघड लिलाव असतो, सगळ्यांसमक्ष बोंबलून. तो बाजाराला. घरात आमची पद्धत. तुमच्या कंपनीला खेळ कायमचा पायजे. आम्ही वर्षं मोजून देनार. एक बोट धरलं की एक वर्ष. पंजा धरला की पाच. तोंडानं बोलायचं नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"येते मले," पियुष म्हणाला.

"काय?"

"काही नाही काकाजी. टाका टॉवेल."

*

टॉवेल पडला. तात्यांनी त्याखाली हात घातला आणि पियुषचा हात धरला. मऊ होता. या हाताने आयुष्यात एक गोणी उचलली नव्हती. असल्या हाताशी सौदा करायचा म्हणजे पोराच्या हातचं बिस्कीट काढून घ्यायचं.

बेत साधा होता. एक बोट धरायचं. एक वर्ष. कितीही पंजे आले तरी पुन्हा तेच एक बोट धरायचं, एक वर्ष. कंपनी वेडी नव्हती. पोरगं उठून जाईल. तात्या कपाळाला हात लावून म्हणतील, काय करावं, मी लई ताणून धरलं. आणि पाडव्याला निवंगुण्यांची पाटी ज्याच्या नावावर पुढे जायची तो गादीवर बसलेला असेल. तात्यांना यात वाईट काही दिसत नव्हतं. पोराला भुतांच्या बाजारातून माणसांच्या बाजारात आणायचं, यात पाप कसलं? खरं सांगायचं तर त्यांना आता सकाळी लवकर उठवत नव्हतं, गुडघे बोलत होते, आणि आपल्यामागे त्या गाळ्यावर परक्याचं नाव लागेल या विचाराने त्यांचा घास अडकत होता. हे ते कुणाला सांगणार नव्हते. म्हणून मटण.

त्यांनी पियुषचं एक बोट शोधलं. दाबणार, तेवढ्यात त्यांची स्वतःची करंगळी दाबली गेली. एकदा. मग पुन्हा एकदा.

तात्यांचा हात जागच्या जागी थांबला.

भवानी पेठेतल्या जुन्या बाजारात, गोण्यांच्या थप्पीवर, मिसरूडही न फुटलेल्या जयसिंगला त्याच्या वडिलांनी, आबांनी, हे शिकवलं होतं. करंगळी दोनदा दाबायची. हा हाताचा रामराम. सगळ्यांना घालायचा नाही. पण एकदा घातला, किंवा समोरच्याने घातलेला घेतला, की त्या टॉवेलाखाली खोटं वागायचं नाही. सौदा मोडायचाच असेल तर टॉवेल काढायचा आणि चारचौघांदेखत मोडायचा. "बाजारात हे कुनाला ठावं नाय," आबा म्हणाले होते. "फक्त तुला सांगतोय, जयसिंगा. कुनाला सांगू नगंस." आणि तात्यांनी खरंच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलीला नाही, सख्ख्या भावाला नाही. आबा गेल्यापासून त्या करंगळीला कुणी रामराम घातला नव्हता.

त्यांचा हात उलट दोनदा दाबून मोकळासुद्धा झाला. त्याने तात्यांना विचारलं नाही.

आता मात्र हात दगडाखाली सापडला. एक बोट धरता येईना, ते खोटं झालं असतं. टॉवेल काढून मोडावं, तर समोर मैना पळी घेऊन उभी. उत्तरेश्वर टीव्हीला टेकून थेट त्यांच्याकडे पाहत होता, आणि उत्तरेश्वर एरवी असं थेट पाहत नसे. सगळ्यांसमोर काय म्हणायचं? की मला माझ्या पुतण्याचं बरं झालेलं नको आहे?

पियुषने पंजा धरला. पुन्हा धरला. आणखी दोनदा. वीस वर्षं.

तात्यांनी पियुषची तीन बोटं धरली.

पियुषच्या भुवया वर गेल्या. पंजा, पंजा, पंजा.

तात्यांनी तीनच बोटं पुन्हा दाबली, पण यावेळी सावकाश, एकेक. मालाची वाटच पाहणारी दुसरी पार्टी आहे, असा त्याचा बाजारातला अर्थ. पियुषला तोही कळला. त्याने हात किंचित मागे घेतला, तात्यांनी तो जाऊ दिला नाही, आणि मग जे व्हायचं तेच झालं. तात्यांना मजा येऊ लागली. समोरचा नवखा होता पण खरा होता, आणि असला सौदा त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. दोन पंजे आले तेव्हा गच्चीतल्या हिशेबाप्रमाणे सगळे सुटले असते. तात्यांना तो हिशेब माहीत नव्हता. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली, पंजा धरला, आणि वर एक बोट.

सौदा मोडायला बसलो आहोत, हे ते साफ विसरले होते.

बाहेरून पाहणाऱ्यांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना दिसलं एवढंच, की टॉवेल हलतोय, पियुषला घाम फुटलाय आणि तात्या मिटल्या डोळ्यांनी हसतायत.

"गेलं," मैनाबाई पुटपुटल्या.

पृथ्वीराज गुडघ्यांवर कोपरं टेकून फरशीकडे पाहत होता. गाळ्याचा वास त्याला आताच यायला लागला होता.

शेवटी पियुषने हात बाहेर काढला आणि रुमालाने पुसला. "सात," तो म्हणाला. "माह्या हातात दहापर्यंतच उतरायचं होतं. कंपनीच्या मॅडमले फोन करावा लागन." आणि तो गच्चीत गेला.

"सात?" अपेक्षा उभी राहिली. "पप्पा, तुम्ही सातवर आणलं?"

तात्या भानावर आले. त्यांनी घराकडे पाहिलं, सगळं घर त्यांच्याकडे पाहत होतं. "गिऱ्हाईक तसं बरं निघालं," ते रागाने म्हणाले.

वर गच्चीत पियुष येरझाऱ्या घालत होता, त्याच्या चपलांचा आवाज खाली येत होता. उत्तरेश्वरांनी उगीचच टीव्हीचा रिमोट हातात घेतला. मग जिन्यावर पावलं वाजली.

"हो म्हणाल्या," पियुष म्हणाला. "मॅडम विचारून राहिल्या, हे काकाजी आपल्याकडं नोकरी करतीन का."

मैनाबाई मटकन खाली बसल्या, पळीसकट. पृथ्वीराजने सही केली तेव्हा त्याचं अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं. सात वर्षं त्याचा वेताळ जगभर फिरणार होता आणि नंतर घरी परत येणार होता. आणि पाडव्याला तो गाळ्यावर जाणार होता तो फक्त पूजेचे पेढे खायला.

*

"एक सांग," तात्या पियुषला म्हणाले. टॉवेल अजून त्यांच्या मांडीवर होता. "करंगळीचं तुला कुनी शिकवलं?"

"पुस्तकात आहे ना."

"कुठल्या पुस्तकात?"

पियुषने पाठपिशवीतून 'वेताळपेठ'ची प्रत काढली. पानं सुटायला आली होती, कव्हरवर चहाचे गोल उठले होते. "याच्यात फासे नाहीत काकाजी. भुताशी सौदा करायचा तर फडक्याखाली हात धरून. पण वेताळ लबाड असते ना, तो फसवते. मग त्याले आधी रामराम घालायचा, करंगळीनं. रामराम घेतला की वेताळही खोटं बोलू शकत नाही. आम्ही ऑफिसमध्ये भांडण झालं तरी हेच करतो." त्याने पान उघडून तात्यांपुढे धरलं.

तात्यांनी चष्मा लावला. पुस्तक त्यांच्या हातात होतं आणि आज ते त्यांनी तोललं नाही. चौकटीत, जाड अक्षरात, शेवटची ओळ होती: 'ही खूण फक्त तुला सांगतोय. कुणाला सांगू नकोस.'

"हे कुनाचं वाक्य?" तात्यांनी विचारलं, पृथ्वीराजकडे न बघता.

"आबांचं. मी पाचवीत होतो. गोण्यांवर बसवून शिकवलं त्यांनी. म्हणाले, फक्त तुला."

"फक्त मला," तात्या म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "मला म्हनले होते, फक्त तुला. आन मी पाळलं."

"मला पन," उत्तरेश्वर म्हणाले.

तात्यांनी मान वळवली. "तुला? तू कधी सौद्याला बसला नाय जन्मात."

"तुम्ही बसू दिलं नाय, दादा."

हे त्यांचं थोरल्या भावाला ऐकवलेलं तिसरं वाक्य. ते बोलून झाल्यावर ते स्वतःच इतके दचकले की टीव्ही चालू झाला. रिमोट अजून हातातच होता.

"मला बी शिकवलं होतं मामंजींनी," मैनाबाई खालूनच म्हणाल्या. "नवी नवरी होते. मंडईत भाजीवाला फसवंल म्हनले. मी घालायचे रामराम. त्यो म्हनायचा, वहिनी, हात सोडा."

पियुष हसला आणि मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. तात्या पुस्तकाकडे बघत होते. आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं की बापाने एक गोष्ट फक्त आपल्या हातात ठेवली आहे. त्या एका गोष्टीच्या जोरावर ते गादीवर बसले, भावाला मागे बसवलं, घरातल्या प्रत्येकाचा भाव स्वतः ठरवला. आणि म्हाताऱ्याने ती खूण सगळ्यांना वाटून टाकली होती, प्रत्येकाला तू एकटाच असं सांगून. वर नातवाने ती छापली. आता ती सात वर्षांच्या बोलीवर साऱ्या जगात जाणार होती, आणि तो सौदा तात्यांनी स्वतःच्या हाताने केला होता.

"म्हातारा लई लबाड होता," ते शेवटी म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते लपवायला त्यांच्याकडे या घटकेला काही नव्हतं.

पियुषची टॅक्सी आली. तो सगळ्यांच्या पाया पडून गेला. मैनाबाईंनी त्याला अनारसे बांधून दिले, ते खरे, सौद्यातले नव्हेत. पृथ्वीराज त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला.

"मग पाडव्याला गादीवर कोन बसनार?" तात्यांनी विचारलं, विशेष कुणाला नाही. "सांगा आता. का तिथं पन एखादा मुंजा बसवायचा?"

उत्तरेश्वर भावाकडे पाहत राहिले आणि मग जिन्याकडे.

अपेक्षा खाली आली. पियुषच्या खुर्चीत बसली. बापाच्या मांडीवरचा टॉवेल तिने उचलला, झटकला, आणि दोघांच्या हातांवर टाकला.

"हे काय?" तात्या म्हणाले. "पोरीबाळींचं काम नाय हे."

टॉवेलाखाली तोंडाने बोलायचं नसतं. तात्यांच्या करंगळीला एकदा दाब पडला. मग दुसऱ्यांदा. आणि मग तिने त्यांचा सगळा पंजा धरला, घट्ट, तळव्याला तळवा लावून, आबा धरायचे तसा.

नको म्हणायचं तर टॉवेल काढावा लागणार होता, सगळ्यांसमोर. तात्यांनी मैनाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, फाटकातून परत येणाऱ्या पुतण्याकडे पाहिलं.

टॉवेल त्यांनी काढला नाही.